तीन महिने जिम, उतरलं एक किलो: नेमकं मोजायचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर समजलाय का ते तुम्हालाही कळेल. वय 43, उंची 170 सेंटिमीटर, राहायला ठाण्यात, बँकेत बसून काम. तीन महिन्यांपूर्वी जिम लावली तेव्हा वजन 79 होतं, आज 78 आहे. जिमच्या काट्यावर चरबी कधी 29 टक्के दिसते, कधी 32. मनगटावरच्या घड्याळात व्हीओटू मॅक्स, म्हणजे दमाचा आकडा, 33 होता, तो मे महिन्यात 31 वर घसरला. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 5.9, रक्तदाब 138/88, एसजीपीटी (यकृताची तपासणी) 68. चेकअप सोमवारी होता आणि शनिवारी जिममध्ये लेग डे, म्हणजे पायांचा जड व्यायाम, झाला होता. ट्रेनर सांगतो कार्डिओ बंद करा, मसल जातील. मेहुणे सांगतात रोज दहा हजार पावलं चाला, बाकी सगळं थोतांड. गुडघा जिना उतरताना दुखतो. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंत की जिमचा उपयोग होतोय की पैसे पाण्यात चाललेत, हे मला कळणार कसं?

माझ्या मते हाच खरा प्रश्न. वजन उतरत नाही ही तक्रार त्यामानाने दुय्यम आहे. तुमच्याकडे आकडे ढीगभर आहेत, पण कुठला कशासाठी बघायचा हे कुणीच सांगितलेलं नाही, त्यामुळे जो वाईट दिसेल त्याची धास्ती घेऊन तुम्ही बसलाय. मी फिजिओथेरपिस्ट. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना वजनं उचलायला शिकवणं हेच आता माझं मुख्य काम झालंय, आणि नवीन माणूस आला की त्याच्याकडे बहुतेक वेळा असाच आकड्यांचा गठ्ठा असतो.

प्रत्येक आकड्याला मी दोन प्रश्न विचारते. हा वर गेला किंवा खाली आला, तर माझ्यासमोरचा माणूस उद्या काही वेगळं करणार आहे का? आणि मोजताना जी चूक होते, ती आपण शोधतोय त्या बदलापेक्षा लहान आहे का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तरच तो आकडा वहीत चढतो.

तुम्ही काही गोष्टी लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई-बहिणीला पासष्टच्या आत हृदयाचा त्रास झालाय का? तंबाखू, सिगरेट? रात्री घोरता का, सकाळी उठल्यावरही थकवा असतो का? काही गोळ्या चालू आहेत का? चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असं काही होत असेल तर पुढचं वाचणं थांबवा आणि आधी फिजिशियनकडे जा. तसं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

पहिल्यांदा रक्तदाब, कारण त्याच्याकडे तुम्ही सगळ्यात कमी लक्ष दिलंय. 138/88 ही एकच मोजणी आहे आणि तीही चेकअपच्या गडबडीतली. उपाशीपोटी गेलात, रक्त दिलंत, सोनोग्राफीसाठी लघवी धरून रांगेत बसलात, मग कुणीतरी बिनपाठीच्या स्टुलावर बसवून पट्टा गुंडाळला आणि 'सर कुठल्या ब्रँचला?' असं विचारत बटण दाबलं. भरलेलं मूत्राशय, न टेकलेली पाठ, बोलणं, या सगळ्याने आकडा वर जातो. म्हणजे तो खोटाच आहे असं नाही. तो खरा असू शकतो, पण त्यावरून काही ठरवता येत नाही.

दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. घेण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब जास्त दिसतो. आधी अर्धा तास चहा, सिगरेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पाच मिनिटं गप्प बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हात मांडीवर सोडून मोजलं आणि पट्टा हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली गेला, की त्यानेच सात-आठ अंक वाढतात. लोक गोळी बदलून घ्यायला येतात तेव्हा कितीदा तरी कारण हे निघतं. एक मिनिट मध्ये सोडून दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती 135/85 किंवा त्याहून वर आली तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. खाली आली तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा मोजा. रोज मोजायची सवय लावून घेऊ नका, रोज मोजणारा माणूस रोज घाबरतो.

एचबीएवनसी 5.9. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, 6.5 पासून मधुमेह. तुमचा आकडा उंबरठ्यावर आहे. तुमच्या सगळ्या यादीत माझ्या दृष्टीने हाच सर्वांत कामाचा, कारण व्यायाम आणि जेवण बदललं की तो हलतो आणि हलला की कळतो. पण लाल पेशींचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं असतं, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून काही हाती लागत नाही. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनही बघा. शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच चढा दिसू शकतो. मग उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सोबत बघावी लागते.

आता एसजीपीटी. लेग डे आणि सोमवारचं रक्त हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तिथेच थांबावं लागलं. एसजीपीटी आणि एसजीओटी यकृताची एन्झाइम म्हणून ओळखली जातात, तरी ती स्नायूंतही असतात. सवय नसलेल्या माणसाने जड स्क्वॉट आणि लंजेस मारले की स्नायूंना बारीक इजा होते आणि ही दोन्ही रक्तात वाढतात; सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तर कित्येक पटींनी वाढतं. हे आठवडाभरसुद्धा टिकू शकतं. म्हणून सात-आठ दिवस वजनं बंद ठेवा, चालणं चालू ठेवा, आणि पुन्हा तपासा. सोबत जीजीटी हे यकृताचं आणखी एक एन्झाइम तपासा, ते स्नायूंमुळे वाढत नाही. दुसऱ्या वेळी एसजीपीटी खाली आलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर लेग डेचा प्रताप. नसेल तर यकृतावर चरबी आहे का हे डॉक्टर बघतील, आणि तुमची साखर बघता ती शक्यता बरीच आहे. तेव्हा 'जिममुळे झालं असेल' म्हणून रिपोर्ट कपाटात टाकू नका. जाता जाता: ट्रेनरने क्रिएटिन हे ताकदीचं सप्लिमेंट सुरू केलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्टमधलं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं आणि मग किडनीची नसती चर्चा सुरू होते.

वजन, बीएमआय आणि कंबर यांवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. तुमचा बीएमआय 27 येतो. भारतीयांसाठी 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, त्या हिशेबाने तुम्ही लठ्ठ. पण हे माप केतले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लोकसंख्येच्या अभ्यासासाठी काढलं. एका माणसाच्या पोटात काय दडलंय ते त्यातून दिसत नाही. याचा सगळ्यात बोलका पुरावा पुण्याचा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. आपल्याकडे दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त अशी ठेवण सर्रास असते, आणि चरबी पोटात साठते. म्हणून वजनापेक्षा टेप.

टेप कशी लावायची ते नीट वाचा, कारण इथे दहापैकी आठ जण घोळ घालतात. 'माझी कंबर 34 आहे' असं जेव्हा पुरुष सांगतात, तेव्हा तो पँटचा साइज असतो. पँट पोटाच्या खाली बांधली जाते. पोट कितीही वाढलं तरी साइज 34 राहू शकतो. शर्ट वर करा. बाजूला हात लावून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा. बहुतेकांची खूण बेंबीच्या जवळपास येते. शिंप्याकडची साधी टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवा, पाठीमागे घसरलीय का ते आरशात बघा. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढू नका. इथे कुणी फोटो काढत नाहीये. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा. महिन्यातून दोनदा, सकाळी, काही खाण्याआधी.

भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही मर्यादा धरतात. दुसरा सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. तुमच्या बाबतीत 85. आज ती 97-98 भरली तर दचकू नका. वजन न हलता कंबर तीन-चार सेंटिमीटर उतरलेली मी खूप वेळा बघितली आहे, विशेषतः पहिल्यांदाच वजनं उचलणाऱ्यांत. तुम्ही सुरुवातीला टेप लावली नव्हती ही हळहळ आहे, पण त्याला इलाज नाही. पट्ट्याचं भोक बदललंय का ते आठवून बघा.

वजन मोजूच नका असं मी म्हणत नाही. मोजा, पण एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका. आदल्या रात्री पापड-लोणचं, भात, उशिरा जेवण, की सकाळी काटा एक-दीड किलो वर. शरीर पिठूळ पदार्थांपासून ग्लायकोजन साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपासाच्या आठवड्यात झपकन उतरलेलं वजन म्हणजे बहुतांशी हेच पाणी. तुम्ही बँकेत खातेदाराची एका दिवसाची शिल्लक बघत नाही, सरासरी शिल्लक बघता, तसंच इथेही करा. आठवड्यात तीन-चार सकाळी वजन घ्या, सरासरी काढा, आणि या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या आठवड्याशी करा.

चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा सोडून द्या. तो पायातून बारीक वीज सोडतो आणि तिला किती अडथळा होतो यावरून अंदाज बांधतो. पाणी कमी प्यायलात, घाम गेला, तर अडथळा बदलतो आणि चरबी 'वाढते'. 29 आणि 32 च्या मध्ये तुमच्या शरीरात काहीही घडलेलं नाही.

घड्याळाचं प्रकरण जरा वेगळं. ते निरुपयोगी नाही, पण कशात खरं आणि कशात अंदाजपंचे हे माहीत हवं. झोपेतली किंवा आरामातली नाडी ते चांगली पकडतं. तीन महिन्यांत आरामातली नाडी 78 वरून 70 झाली असेल तर ती खरीखुरी प्रगती आहे. व्यायाम करताना मात्र मनगटावरचा हिरवा प्रकाश गडबडतो. पट्टा सैल असेल, मूठ घट्ट धरून डंबेल उचलत असाल, तर आकडे काहीही येतात. धावताना कधी कधी ते पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजायला लागतं आणि 165 दाखवतं.

व्हीओटू मॅक्स ते मोजत नाही, मोजायला तोंडाला मास्क लावून श्वासातले वायू तपासावे लागतात. घड्याळ तुमचा वेग आणि नाडी यांची सांगड घालून अंदाज करतं. ठाण्यातला मे महिना आठवा. त्या दमट उकाड्यात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, त्याच वेगाला नाडी दहा-पंधराने जास्त पडते, आणि घड्याळ समजतं की याचा दम कमी झाला. 33 चा 31 झाला तो तिथे. जुलै-ऑगस्टमध्ये तो आपोआप सुधारेल, त्याचंही श्रेय घेऊ नका.

'220 वजा वय' या सूत्राचंही तसंच. तुमच्या वयाला त्याने 177 येतात. नंतर आलेल्या सूत्राने, म्हणजे 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करून, 178 येतात. गंमत म्हणजे चाळिशीत दोन्ही जुळतात. पण खऱ्या माणसाची कमाल नाडी यापेक्षा दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असते, त्यामुळे जिमच्या भिंतीवरचा रंगीत झोनचा तक्ता डोळे झाकून पाळू नका. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तो तक्ता पूर्ण बाद, कारण ती गोळी नाडीच दाबून ठेवते. त्यापेक्षा बोलून बघा: चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरदार.

दम मोजायला मी 2 किलोमीटर चालायला लावते. फिनलंडमधल्या टॅम्पेरेच्या यूकेके संस्थेने बसवलेल्या चाचणीवरून ही कल्पना घेतलेली आहे. त्यांच्या सूत्रात वय, बीएमआय वगैरे घालून गुण काढतात. मला एवढं लागत नाही. सपाट, सिग्नल नसलेली जागा निवडा. उपवनला किंवा तलावपाळीला पहाटे गर्दी वाढण्याआधी जमेल, नाहीतर शाळेचं मैदान. दहा मिनिटं सावकाश चालून घ्या, मग 2 किलोमीटर जितकं भरभर चालता येईल तितकं, पण पळायचं नाही. संपताक्षणी वेळ लिहा आणि लगेच 15 सेकंद नाडी मोजून चारने गुणा. रेंगाळलात तर नाडी भराभर उतरते. सहा आठवड्यांनी तीच जागा, तीच वेळ, तेच बूट. वेळ कमी झाली, किंवा वेळ तीच पण नाडी कमी पडली, तर तुमचा दम वाढला. उकाडा फार वेगळा असेल तर त्या दिवशी घेऊच नका. धावून द्यायच्या बारा मिनिटांच्या चाचणीला सध्या हात लावू नका. रक्तदाबाचा निकाल लागेपर्यंत जीव तोडून पळायचं कारण नाही.

आता जिममध्ये करायचं काय. ट्रेनरची भीती अगदीच हवेतली नाही. रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या प्रयोगात वजनं आणि दमाचा व्यायाम दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद शेवटच्या आठवड्यांत वाढायची थांबली आणि घसरू लागली. पण ती माणसं आठवड्यातून पाच दिवस जड वजनं आणि सहा दिवस जोरदार सायकलिंग-धावणं करत होती. तुम्ही अर्धा तास चालण्याने मसल जाणार असतील तर आपल्याकडच्या एकाही हमालाच्या अंगावर ते दिसले नसते. मेहुण्यांचे दहा हजार 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राचे आहेत. चालणं उत्तमच, पण फायद्याचा मोठा भाग सात-आठ हजारांच्या आत पदरात पडतो, आणि चालून दंडाची, पाठीची ताकद वाढत नाही. ताकदीला कमी लेखू नका. सतरा देशांतल्या, त्यात भारतही होता, सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या 'प्युअर' पाहणीत हाताच्या पकडीची ताकद मोजली होती. 2015 साली आलेल्या निष्कर्षात पकड जितकी कमी तितका पुढच्या वर्षांत मृत्यूचा धोका जास्त दिसला, आणि हा संबंध वरच्या रक्तदाबापेक्षाही घट्ट निघाला. नुसती पकड दाबायचं यंत्र घेऊन आयुष्य वाढत नाही, अर्थात. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंसाठी असा आहे. तुमच्यासाठी मी तीन दिवस वजनं आणि पाच दिवस अर्धा तास चालणं धरेन. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फेरी मारा, जेवणानंतर चढणारी साखर त्याने कमी चढते. वजनांच्या दिवशी पाचच प्रकार: छातीशी डंबेल धरून स्क्वॉट, कमरेतून वाकून डंबेल उचलणं म्हणजे रोमेनियन डेडलिफ्ट, छातीसाठी प्रेस किंवा भिंतीवर-बाकावर हात टेकून जोर, पाठीसाठी रोइंग म्हणजे वजन स्वतःकडे ओढणं, आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालणं. दोन किंवा तीन सेट. सेट थांबवायचा तो आणखी दोन रेप (म्हणजे उचलण्याच्या खेपा) निघाले असते अशा वेळी. उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झर्रकन चढतो, आणि तुमच्या बाबतीत ते अजिबात नको.

मोजमाप इथेच सगळ्यात सोपं आहे, आणि कुणी करत नाही. एक वही. समजा 10 किलोच्या डंबेलने स्क्वॉट 8, 8, 7 निघाले. तसंच लिहा. पुढच्या वेळी 8, 8, 8. असं करत 12, 12, 12 झाले की डंबेल 12.5 चा, आणि पुन्हा आठपासून. वजन थोडं थोडं वाढवत नेण्याची ही पद्धत 1945 च्या सुमारास थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांवर वापरली, आणि तिच्याहून भरवशाचं काही अजून सापडलेलं नाही. तुमचा ट्रेनर दर आठवड्याला सगळे व्यायाम बदलतो, 'मसल कन्फ्यूज' करायला. मसलचं माहीत नाही, वही मात्र नक्की कन्फ्यूज होते. निदान आठ आठवडे तेच पाच प्रकार ठेवा, म्हणजे पैसे वाया जातायत का याचं उत्तर त्या पानावरच दिसेल. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा तेच स्नायू नीट वापरायला शिकतात म्हणून. आरशात काही दिसणार नाही, वहीत दिसेल.

मग वजन का हललं नाही? तासभर सपाट्याने चाललात तर तुमच्या वजनाच्या माणसाचे दोनशे-अडीचशे कॅलरी जातात. एक वडापाव खाल्ला की फिटंफाट, वर थोडं देणंच राहतं. व्यायामाने साखर, रक्तदाब, ताकद, झोप सुधारते. वजन मुख्यतः ताटात ठरतं. डाएटचा तक्ता मी लिहीत नाही, तो माझा प्रांत नाही, पण प्रथिनांचा हिशेब एकदा करून बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस दर किलोला 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे तुम्हाला 65 ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला मी 1.2 च्या आसपास सांगते, म्हणजे नव्वदेक ग्रॅम, किडनी ठीक असेल तर. वाटीभर वरणात पाच-सहा, दोन पोळ्यांत सहा, वाटीभर दह्यात चार. शाकाहारी असाल तर डब्यातून एवढी भर पडत नाही हे लगेच लक्षात येईल. पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पंचवीसेक ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, एका अंड्यात सहा.

तर वहीत राहिलं ते एवढं: महिन्यातून दोनदा कंबर, आठवड्याच्या वजनाची सरासरी, दर सहा आठवड्यांनी 2 किलोमीटरची वेळ आणि नाडी, प्रत्येक दिवसाचे सेट, घरचा रक्तदाब सध्या एक आठवडा, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी. चरबीचा टक्का, घड्याळाचा व्हीओटू मॅक्स, झोपेचा स्कोअर, जाळलेल्या कॅलरी हे काट्यावर आणि घड्याळात दिसत राहतील, दिसू देत.

गुडघ्याचं राहिलं. जिना उतरताना वाटीच्या मागे दुखतं आणि चढताना फारसं नाही, तर बहुतेकदा मांडीचे स्नायू कमी पडत असतात, आणि स्क्वॉट बंद करणं हा त्यावरचा उलटा उपाय. खुर्ची मागे ठेवा, तिला टेकेपर्यंतच बसा, उतरायला तीन सेकंद घ्या. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल तर चालू ठेवा. वाढलं तर खुर्चीवर एक उशी टाकून उंची वाढवा. सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर ऑर्थोपेडिककडे जा. पण परस्पर एमआरआय काढून घेऊन जाऊ नका, आधी त्यांना हाताने गुडघा तपासू द्या.